ताटलीतली चार पिल्लं

मित्रांनो, इंग्लंडमधल्या एका खेड्यात, म्युरिएल प्यू नावाच्या विधवा बाईंच्या स्वयंपाकघरात बसलेला मी एक जुना वजनकाटा आहे. बाईंच्या आईला मी लग्नात आहेर म्हणून मिळालो. पीठ, साखर, मुरंब्याची फळं, सगळं माझ्या पितळी ताटलीतून गेलं. माझ्याशिवाय त्या घरात केक होत नसे. पुढे केक दुकानातून येऊ लागला आणि माझ्या ताटलीत चाव्या अन् चष्मा पडून राहू लागले. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण वजन सांगणाऱ्याने फार मनाला लावून घेऊ नये.

एका ऑक्टोबरात सकाळीच शेजारचे डेझमंड ट्रँटर आले. त्यांच्या टोपीत हेजहॉगची चार पिल्लं होती. अंगभर काटे आणि टोकदार नाक. पाच नोव्हेंबरला इथे घरोघरी शेकोटी पेटवून सण साजरा करतात, त्यासाठी बागेत रचलेला लाकूडफाटा हलवताना ती सापडली होती. आई आदल्याच दिवशी मोटारीखाली गेली होती. हिवाळाभर झोपून काढायचा तर पिल्लू वीस औंसांचं, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडं जास्त तरी हवं, नाहीतर ते झोपेतून उठतच नाही. बाईंनी एकेकाला माझ्यावर ठेवलं. थोरलं सात औंस भरलं, धाकटं पाच.

बाईंनी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्यांना दिली आणि बशीत पाव कुस्करून त्यावर दूध ओतलं. बाईंची आई हेच करी, सारी गल्ली हेच करी. डेझमंड म्हणाले, जाणत्या माणसाला फोन तरी करू.

"तुम्हाला मिसरूड फुटलं नव्हतं, डेझमंड, तेव्हापासून माझ्या बागेत हेजहॉग दूध पिताहेत. मला शिकवू नका."

पिल्लं चवीने प्यायली. दुसऱ्या दिवशी चौघांचंही वजन उतरलं. बाईंनी खापर माझ्यावर फोडलं, म्हणाल्या स्प्रिंग गंजली. मग साखरेचं न फोडलेलं पाकीट ठेवून माझी परीक्षा घेतली. मी बरोबर निघालो. तिसऱ्या दिवशी धाकटं मान वर करेना, तेव्हा बाईंनी स्वतःच फोन फिरवला.

आजारी हेजहॉग सांभाळणारी पॉलिन मेरेडिथ आली. तिने आधी बशीकडे पाहिलं.

"यांना दूध पचत नाही, म्युरिएलबाई. जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला तेवढे पुरतात."

बाई खुर्चीत बसल्या. "चाळीस वर्षं बशी ठेवतेय गं मी. सकाळी रिकामी असायची. मला वाटायचं, पोटभर जेवून गेली."

पॉलिनने बशीतलं दूध ओतून टाकलं. संध्याकाळी धाकटं गेलं. शेवटचं वजन चार औंस.

उरलेल्या तिघांना मांजरांसाठीचं डब्यातलं मांस आणि उथळ थाळीत पाणी मिळू लागलं. बाई रोज वजन करत. डिसेंबरात तिन्ही विसाच्या पुढे गेली आणि एका उबदार दिवशी पॉलिनने त्यांना पानांच्या ढिगाशी सोडलं.

मित्रांनो, बागेत असं पिल्लू दिसलं तर मदत जरूर करा. पण आधी जाणत्याला विचारा आणि रोज वजन करा. तुमची माया किती मोठी आहे, हे त्याच्या पोटाला कळत नाही.

त्याच आठवड्यात बाईंनी गावच्या सभागृहाच्या दारावर चिठ्ठी लावली: 'हेजहॉगना दूध देऊ नका. मी चाळीस वर्षं दिलं. म्युरिएल प्यू.' दुसऱ्या दिवशी डेझमंडनी येऊन सांगितलं, की त्या चिठ्ठीखाली वेगवेगळ्या अक्षरांत अकरा जणांनी लिहिलं होतं, 'मीसुद्धा.'