धाकट्याचा साचा

नाटक कंपनीत ताई कपडे शिवायची आणि तिचा धाकटा भाऊ लहानसहान कामं करायचा. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. सगळे त्याला पोपटच म्हणत. नव्या नाटकात मुखवटे लागणार होते, म्हणून साचेवाल्या काकांनी एका दुपारी त्याला बाकावर आडवा केला आणि नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवून तोंडावर प्लास्टर थापलं.

"जन्मात पहिल्यांदा गप्प बसलास बघ," ताई म्हणाली होती. प्लास्टरखाली त्याचं पोट हसून हलत होतं.

त्या साच्यातून मुखवटा निघायच्या आतच तो मित्रांबरोबर नदीवर पोहायला गेला आणि परत आला नाही. लोकांनी दोन्ही काठ पालथे घातले, पण हाती काही लागलं नाही.

आईने अंथरूण धरलं. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे भिंतीवरचा फोटो तिच्या काही कामाचा नव्हता. "एकदा त्याच्या तोंडावरून हात फिरवायला मिळाला असता गं," एवढंच ती घोकत राहायची. आणि जरा बरं वाटलं की म्हणायची, "सापडला नाही म्हणजे असेल कुठेतरी."

ताईला साच्याची आठवण झाली. ती तडक काकांकडे गेली.

"देतो की काढून," काका म्हणाले.

"नाही. त्याचं तोंड मीच काढणार. मला शिकवा."

काकांनी साचा उलटासुलटा करून पाहिला. "ओल लागलीय याला. एकदाच निघेल, तेही निघालं तर. आधी दुसऱ्या साच्यांवर हात बसव."

मग शिवणाचं काम आटोपलं की ताई काकांच्या कारखान्यात बसू लागली. साच्यासाठी प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं की गुठळ्या. साच्याला आतून व्हॅसलिन चोळायचं, खळीत भिजवलेले कागदाचे कपटे थरावर थर दाबायचे, बुडबुडा राहू द्यायचा नाही. तिचा पहिला मुखवटा, राजाचा, नाकाशिवाय निघाला. "हा नाक कापून घेऊनच जन्मला," काका म्हणाले. एक राक्षस साच्यालाच चिकटून बसला. पण ती हटली नाही, आणि शेवटी काकांनी धाकट्याचा साचा तिच्यासमोर ठेवला.

कागद वाळला तेव्हा तिने हलक्या हाताने मुखवटा सोडवला. साचा तिच्या हातात भुगा झाला, पण मुखवटा अख्खा निघाला. भुवईवरचा व्रणसुद्धा उठला होता.

तरी तो पोपट नव्हता. डोळे मिटलेले, गाल खाली बसलेले, ओठ आवळलेले.

"प्लास्टरच्या वजनाने जिवंत माणूसही असाच येतो," काका म्हणाले. "मग आपण लगदा लावून गाल उचलतो, डोळे उघडतो. देऊ का करून?"

"नको. आहे तसाच राहू दे. त्याच्या तोंडाला परका हात नको."

तिने तो ओढणीत गुंडाळून घरी नेला आणि आईच्या मांडीवर ठेवला. आईची बोटं कपाळावरून उतरली, व्रणापाशी थांबली. "माझाच आहे," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. मग बोटं पापण्यांवर आली, गालांवर आली, ओठांवर आली. तिथेच थबकली.

"म्हणजे सापडला होता."

"आई, नाही गं. हे आधीचं आहे. तो जिवंत असताना घेतलेलं."

"जिवंत माणसाचं तोंड असं असतं? मला फसवू नकोस. तो असेल कुठेतरी म्हणून मी दाराकडे कान लावून बसले, आणि तुम्ही त्याचं सगळं उरकून मोकळे झालात."

ताईने शपथा घेतल्या. दुसऱ्या दिवशी काकांना घरी आणलं. त्यांनी प्लास्टरचं वजन, गाल, डोळे, सगळं समजावून सांगितलं. "तुम्हीही तिलाच सामील," आई म्हणाली आणि मुखवटा छातीशी धरून भिंतीकडे वळली.

त्यानंतर ती ताईशी बोलली नाही. ताईने पुढे केलेला घास घेईना; शेजारीण भरवायची तेव्हा चार घास पोटात जायचे. ताई ताट वाढून शेजारणीच्या हातात द्यायची आणि स्वतः दाराबाहेर उभी राहायची. आतून आईचा आवाज यायचा.

"पोटच्या पोरीने परस्पर पोचवला हो त्याला. मला शेवटचं तोंडही दाखवलं नाही."