दहा महिन्यांचं तमिळ

देवदत्तनं शेजारच्या दाराची बेल दाबली आणि वडिलांकडे न बघताच म्हणाला, "बाबा, तुम्ही बँकेत होतात. मी तसंच सांगितलंय."

"खोटं कशाला?"

"त्या मायलेकी श्रीलंकेतल्या. जाफन्याच्या. तुमच्या नातीला, चारूला, रोज शाळेतून त्यातली लेक यालिनीच आणते. उगाच काही नको."

निवृत्त सुभेदार विनायकरावांनी मफलर नीट केला. गडहिंग्लजहून परदेशात, फेल्डहोवनला मुलाकडे येऊन त्यांना आठच दिवस झाले होते.

यालिनीनं हसून दोघांना आत घेतलं. तिची आई, राजेश्वरी अम्मा, खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या. वय सत्तरीचं. विनायकरावांनी भिंतीजवळची, दोन्ही दारं दिसतील अशी खुर्ची धरली. चहा आला. थंडीच्या, उशिरा येणाऱ्या गाड्यांच्या गप्पा इंग्रजीत सुरू झाल्या. मागच्या बागेकडचं दार वाऱ्यानं आपटत होतं. अम्मा लेकीला तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. ती हातातला कप ठेवेपर्यंत विनायकराव उठले होते. त्यांनी दार लावलं, कडी सरकवली आणि परत येऊन बसले.



"तुम्हाला तमिळ येतं?" अम्मांनी इंग्रजीत विचारलं.

"बँकेचं पोस्टिंग होतं ना, चेन्नईला," देवदत्त घाईनं म्हणाला.

अम्मा त्याच्याकडे बघतच नव्हत्या. विनायकरावांनी कप सावकाश बशीत टेकवला.

"मी फौजेत होतो," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "तुमच्याकडे युद्ध चालू होतं तेव्हा आमची पलटण तिथं पाठवली होती. अठ्ठ्याऐंशी साली. दहा महिने."

यालिनीचा हात आईच्या खांद्यावर गेला. अम्मांनी तो बाजूला केला.

"आमच्या घराची चारदा झडती झाली. तुम्ही लोकांच्या दारात काय म्हणायचात?"

विनायकरावांना तिथलं गाव आठवलं. ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, फटींतून बघणारे डोळे. दुपारी हात जोडणारा माणूस संध्याकाळी कुणाला वाट दाखवेल, याचा नेम नसे. गावातलं कुणी त्यांच्याशी दहा महिन्यांत एक वाक्य धड बोललं नव्हतं.

"कदवै तिर," ते म्हणाले. दार उघड. आवाज अजून तसाच निघाला, हुकमाचा. यालिनी दचकली.

"तेव्हा मीही घाबरलेलो असायचो."

"दारामागे माझी तीन मुलं असायची."

देवदत्त उठला. "आम्ही निघतो, आंटी."

"बसा." अम्मा विनायकरावांकडे वळल्या. "'तिर' घरातल्या पोरांना म्हणतात. मोठ्या माणसाला 'तिरवुंगो' म्हणायचं. म्हणा."

"कदवै तिरंगो."

"तिरवुंगो."

साठी ओलांडलेला तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून शब्द घोकत राहिला. तिसऱ्यांदा जमला. देवदत्त वडिलांकडे असा बघत होता, जणू त्यांची ओळख कुणीतरी आत्ता करून दिली होती.

अम्मांनी मान हलवली. त्या हसल्या नाहीत.

"असं म्हटलं असतंत तरी भीती वाटलीच असती," त्या म्हणाल्या. "पण दार मी आपणहून उघडलं, असं वाटलं असतं."

मग त्या उठल्या आणि विनायकरावांपुढचा गार झालेला कप उचलून स्वतःच आत गेल्या, चहा पुन्हा टाकायला.