पास झालेले कान

कान पास झाले तर मिस्त्रींच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. फोरमनची खुर्ची, काचेची केबिन, निवृत्तीपर्यंत दोन वर्षं दिवसपाळी आणि बायकोला माहेरी मान वर करून सांगण्याजोगं काहीतरी. तिचा धाकटा भाऊ याच कागद कारखान्यात मिस्त्रींच्या हाताखाली होता, म्हणजे बातमी पोचवायचे कष्टही वाचणार. नापास झाले तर गोदामात खोकी मोजणं.

चाचणीवाल्या बाईंनी प्लास्टिकचा कान उघडून दाखवला. "हा पडदा. आवाजानं थरथरतो. मागची ही तीन इवलीशी हाडं तो धक्का पुढे ढकलतात, या शंखात. शंखात पाणी आणि केसांसारखे बारीक तंतू. गोंगाटानं ते मरतात. चिरके, बारीक आवाज पकडणारे आधी. मेले की परत उगवत नाहीत."

"डोक्यावरचे तरी कुठे उगवतात?" मिस्त्री टक्कल चोळत म्हणाले. बाई हसल्या.

खोलीचं जाड दार बंद झालं. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं. जाडे आवाज आले, मग सगळं थांबलं. स्वतःच्या रक्ताची सळसळ तेवढी उरली. काचेपलीकडे बाईंचा खांदा हलला आणि मिस्त्रींच्या लक्षात आलं, की आवाज सोडताना तो दर वेळी किंचित खाली जातो. त्यांनी डोळ्यांनी ऐकायला घेतलं.

"या वयात असे कान? कपाटात ठेवले होते की काय?" बाई म्हणाल्या.

सोमवारी मोठ्या पंख्याचं नवं बेअरिंग सुरू करायचं होतं. मिस्त्रींची पद्धत ठरलेली. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या डब्याला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. आवाज पडद्याला वळसा घालून हाडातूनच शंखात शिरतो. ते 'ठीक' म्हणाले की ठीक, 'बंद' म्हणाले की बंद. मध्ये कुणी पंखा बंद करायच्या बटणाला हात लावलाच तर महिनाभर ऐकून घ्यायचं, "तुझे कान मिस्त्रींपेक्षा मोठे काय रे?"

पंखा फिरला. मूठ हाडाला टेकली. खालच्या पट्टीत घरघर होती, वरच्या पट्टीत काहीच नाही. बेअरिंग गप्प होतं की कान? कळायला मार्ग नव्हता. मेहुण्याला 'जरा तू ऐक' म्हणावं, तर केबिन गेलीच.

"दाजी, बोला ना! ठीक?" पंखा फिरवणाऱ्या पट्ट्याजवळ उभा असलेला मेहुणा ओरडला.

"ठीक."

थोड्याच वेळात मेहुण्याचं तोंड वेडंवाकडं झालं. पलीकडचा वेल्डर दोन पावलं मागे सरला. मग दोघांनीही कानांवर हात दाबून धरले. मिस्त्रींना तीच घरघर ऐकू येत होती, तशीच, संथ. समोरची माणसं कशाला तरी भीत होती आणि ते कुठेच नव्हतं.

लाल बटण मेहुण्याच्या हाताशी होतं. त्यानं ते दाबलं नाही. दाजी 'ठीक' म्हणाले होते ना! तो नुसता त्यांच्याकडे बघत राहिला. "दाजी?" ओठ हलले.

आता बंद म्हटलं तर मघाशी ठीक का म्हणालात, असं विचारतील. बेअरिंग कदाचित बसेल जागेवर. मिस्त्रींनी तीन श्वास घालवले, मग बटणाकडे झेप घेतली. त्याआधीच बेअरिंग आवळून जाम झालं. पट्टा तुटला आणि मेहुण्याच्या कानशिलावर सपकन बसला.

कारखान्याला आठवड्यात नवा पट्टा आला, नवं बेअरिंगही. चौकशीत दोष बेअरिंगच्या माथी गेला, कारण मिस्त्रींचे कान कागदोपत्री उत्तम होते. केबिन त्यांना मिळाली. तिथून ते दिवसभर कामगारांचे चेहरे न्याहाळतात. कुणी नुसता कान खाजवला तरी ताडकन उभे राहतात.

मेहुण्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला, आतली हाडं निसटली. पडदा भरून येईल, बाकीचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बहीण बोलायला लागली की तो उजवी बाजू पुढे करतो आणि भेटेल त्याला सांगतो, "दाजींनी झेप घेतली म्हणून वाचलो." म्हणजे किंमत त्यानेच मोजली, वर आभारही त्यानेच मानले.