खोडलेलं वाचणारे बाबा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. "लिहिलेलं कोणीही वाचेल, बाबा खोडलेलं वाचतात!" असं जो तो सांगत होता. कोपऱ्यातल्या संगणकावर आपलं दुःख टाइप करायचं, सगळं पुसायचं आणि रिकामी चौकट ठेवून 'अर्पण' हे बटण दाबायचं. मग पडद्याआडून आवाज यायचा, "बाळ, पाटी पुसलीस, पण विश्वाच्या पाटीवरून कोण पुसणार?" पाठोपाठ ते दुःख शब्दन् शब्द ऐकू यायचं. माणसं ढसाढसा रडायची.

माझी ताईही रडली होती. तिला फिट येतात. "गोळ्या बंद! तुझी आकडी आता माझी जबाबदारी," असं बाबांनी फर्मावलं होतं, आणि आज ती गोळ्या त्यांच्या पायाशी ठेवणार होती.

"ताई, बाबांना मनातलं कळतं, तर बटण कशाला लागतं गं?"

"तुझं आपलं काहीतरीच! उगाच फाटे फोडू नकोस."

मी वेबसाइट बनवते. माझी पाळी आल्यावर पानाचा कोड उघडला, तर चोर तिथेच बसलेला. दिसणाऱ्या चौकटीला मी हातही लावला नाही. पानात एक लपवलेला रकाना होता, त्यात लिहिलं: 'नवरा घर सोडून गेला.' आणि बटण दाबलं.

"मुली," आवाज गहिवरला, "नवरा घर सोडून गेला ना? येईल हो परत!"

"आधी नवरा तर हवा, बाबा! माझं लग्नच झालेलं नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. बाबांचा एक शिष्य संगणकाची वायर उपटायला धावला.

"हात लावून तर बघ!" मी ठाण मांडलं आणि तो रकाना सगळ्यांना दिसेल असा उघडा केला. एका मास्तरांनी काहीतरी लिहून पुसलं. वरची चौकट रिकामी झाली, खाली मात्र अक्षरं तशीच! पानातली स्क्रिप्ट, म्हणजे आत दडवलेला छोटा प्रोग्राम, प्रत्येक अक्षर टिपून या रकान्यात भरते. बटण दाबलं की फॉर्मबरोबर तेही सर्व्हरवर जातं, आणि तिथली स्क्रिप्ट ते बाबांसमोरच्या स्क्रीनवर दाखवते. झाली दिव्यदृष्टी!

ताई उठली. "बाबा, माझी आकडी कुठल्या रकान्यात भरणार होतात?"

ताईने पाणी मागितलं आणि सगळ्यांदेखत गोळी घेतली.

तुम्हीही विचारा, अगदी भर सभेत विचारा. प्रश्नाने देव रागावत नाही. रागावतो तो धंदा.