दोन माणसांचा बाक

मित्रांनो, मी साताऱ्यातल्या एका साडीच्या दुकानातला जुना सागवानी बाक आहे. दोन माणसं बसतील एवढाच. मला चार पाय आहेत आणि मी जन्मापासून उभाच आहे. तेव्हा उभ्या माणसाचं दुखणं मला कळतं, असं म्हणायला हरकत नाही.

पाटणच्या कृष्णात सुतारांनी मला घडवलं. दुकानात आलो तेव्हा माझा काय थाट होता! लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या आज्या माझ्यावर टेकायच्या आणि "लय बरं वाटलं" म्हणायच्या. मी फुशारून जायचो. पण दिवसभर साड्या उलगडून दाखवणाऱ्या बायकांना माझ्यावर बसायची मनाई होती. बाक गिऱ्हाइकाचा.

त्या बायकांत अंजनाबाई सगळ्यांत जुन्या. त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या होत्या. मध्ये मध्ये बसला नाहीत तर काम सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेजारच्या काउंटरवरची क्रांती एके दिवशी दुकान कामगारांच्या युनियनचे फॉर्म घेऊन आली. अंजनाबाईंनी हातही लावला नाही.

"शेठ आपल्याला घरच्यावानी वागवत्यात. माझ्या पोरीच्या लग्नात सकाळधरनं राबलं. त्यांच्याच इरोधात सही करू व्हय?"

शेठ म्हणजे आमचे दादासो शेठ. माणूस खरोखरच लोण्याचा.

मग खंडेनवमी आली. शेठनी मीटरपट्टी, कात्री, गल्ला, सगळ्यांची पूजा केली. मलाही झेंडूचं फूल मिळालं. तेवढ्यात क्रांती म्हणाली, "आवं शेठ, आमचं हत्यार ऱ्हायलं की!" आणि तिने वाकून अंजनाबाईंच्या सुजलेल्या पायांवर हळदकुंकू वाहिलं.

शेठचे डोळे भरून आले. "आजपास्नं गिऱ्हाईक नसलं की बसायचं," ते म्हणाले. अंजनाबाई पहिल्यांदा माझ्यावर टेकल्या. खरं सांगतो, इतका आनंद मला एकाही नवरीने दिला नव्हता.

आठवडाभरात शेठ दिवाळीचा माल आणायला सुरतेला गेले. गल्ल्यावर त्यांचा पुतण्या पृथ्वीराज बसला. "बसून माल खपतोय व्हय?" म्हणत त्याने मला माळ्यावर टाकलं. टाकताना माझा एक पाय खिळखिळा झाला. वर खोकी रचली. मी फार रडलो, पण लाकडाचं रडं कुणाला ऐकू येतं?

एका दुपारी अंजनाबाई कशाबशा जिना चढून आल्या. त्यांनी खोकी बाजूला सारली, माझ्यावर बसून पाय दाबले आणि मग क्रांतीला हाक मारली. "आण तो फॉर्म." मागोमाग चौदा जणांनी माझ्याच पाठीवर कागद ठेवून सह्या केल्या. सगळ्यांत शेवटी वॉचमन नाथाजींनी. फौजेत आयुष्य उभं राहून काढलेला माणूस, त्यांना बसायला मागणं कमीपणाचं वाटत होतं.

परत आल्यावर त्या सह्यांचं कळताच शेठ रुसले. चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मला खाली आणवून ते माझ्यावर बसले.

"अंजनाबाई, मला सांगितलं असतं तर न्हाई म्हनलो असतो व्हय?"

"सांगितलं हुतं, शेठ. तुमी व्हय म्हनलासा. पर तुमी रोज दुकानात नसता."

शेठनी सरकून जागा केली, "बसा," म्हणाले आणि युनियनचा कागद मागवला. दर काउंटरला एक बसायची जागा, आणि ती शेठशी नि युनियनशी बोलल्याशिवाय कुणी काढायची नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी सही केली.

त्याने सगळं सोनं झालं, असं नाही. पृथ्वीराजचं तोंड अजून वाकडंच आहे आणि युनियनच्या मीटिंगा फार लांबतात, अशी नाथाजींची तक्रार आहे. पण अंजनाबाईंचं काम सुटलं नाही.

मित्रांनो, मला पॉलिश करा असं मी म्हणत नाही. फक्त दुकानात एखादी बाई बसलेली दिसली, तर तिला आळशी समजू नका. "बसा, सावकाश दाखवा," एवढं म्हणा. माझा तो पाय अजून डुगडुगतो. अंजनाबाईंनी त्याखाली साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून घातलाय. रोज बसायच्या आधी त्या वाकून तो नीट करतात, आणि मगच बसतात.