मी सांगते

सिद्धीनं आपली ट्रंक शालनच्या शेजारच्या खाटेखाली ढकलली, तेव्हा तिचा हिशेब झालेला होता. ही मुलगी इलेक्ट्रॉनिक्समध्ये वर्गात पहिली, मराठी बोलणारी, वर स्वभावानं गरीब. पुण्याहून बंगळूरला येऊन एवढं सगळं एकाच खोलीत मिळत असेल, तर खिडकी नसली म्हणून काय बिघडलं?

त्या निवासी कॉलेजचा नियमच तसा होता. खोलीतल्या दोघींनी बरोबर राहायचं, बरोबर शिकायचं आणि सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेला जोडीनं बसायचं. चिठ्ठी टाकून एकीला विचारत. तिचे गुण दोघींना. जोडी नापास झाली की दोघींची नावं कॉलेजातून कमी होत.

फायदा शालनलाही होता. चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात वाढलेली, कन्नड शाळेत शिकलेली ही मुलगी इंग्रजी वाचायची, लिहायची; बोलायची वेळ आली की मात्र अडायची. ‘नापास झालीस तर गल्ल्यावर बसायचं, वैशाखात लग्न,’ असं वडिलांनी, गुंडूरावांनी, हसत हसत बजावलं होतं. हसत बोललेलं ते सहसा मागे घेत नसत.

व्यवहार सुरू झाला. कपडे धुता धुता शालन शिकवायची.

“हे बघ, नळ स्वल्प फिरवला. पाणी किती आलं? ट्रान्झिस्टरचं तसंच. हाताला जोर थोडा, धार मोठी. कळलं की नाही?”

“कळलं गं अक्का! आता माझी ओढणी सोड, रंग जातोय तिचा.”

मोबदल्यात सिद्धी तिच्यासाठी इंग्रजीत बोलायची. वॉर्डनकडे रजा मागायची, ग्रंथालयात पुस्तक मागायची, मेसच्या सभेत शालनची तक्रारसुद्धा तीच मांडायची. शालननं तोंड उघडलं की हिचं ठरलेलं, “राहू दे, मी सांगते.” शालनला हायसं वाटे. आपणच जास्त कमावतोय, असं दोघींनाही वाटत होतं.

एकदा शालननं आरशासमोर उभं राहून तो नळ इंग्रजीत समजावायला घेतला. सिद्धी उशीत तोंड खुपसून हसली.

“अगं, आरसा पळून जाईल! चिठ्ठी माझीच निघणार बघ. मी बोलेन ना.”

शालनही हसली आणि आरशापासून बाजूला झाली.

चिठ्ठी शालनची निघाली.

प्रश्न तोच होता, ट्रान्झिस्टरचा. शालनचे ओठ हलले, आवाज आला नाही. टेबलाच्या कडेवर तिची बोटं नळ फिरवत राहिली. सिद्धीला ते उत्तर दिसत होतं, अगदी पूर्ण. शेजारी बसलेल्या, त्यांना शिकवणाऱ्या वेणुगोपाल सरांनाही बहुधा अंदाज आला असावा. पण बाहेरून आलेल्या परीक्षकांना कन्नड येत नव्हतं आणि उत्तर इंग्रजीतच द्यायचं होतं. सर खिडकीबाहेर बघू लागले.

“जोडीदारीण उत्तर देऊ शकते,” परीक्षक शेवटी म्हणाले. “पण मग गुण तिचे एकटीचे.”

सिद्धीनं शालनकडे पाहिलं. बोटं थांबली होती.

“सांग की गं,” शालन हळूच मराठीत म्हणाली. “दोघींनी कशाला जायचं?”

सिद्धीनं सांगितलं. नळ, हात, थोडा जोर, मोठी धार. परीक्षक खूश झाले.

“छान उदाहरण! तुझंच?”

सत्रभर शालनच्या वतीनं बोलणाऱ्या सिद्धीला आता फक्त शालनचं नाव घ्यायचं होतं.

“येस सर,” ती म्हणाली.

चार दिवसांनी गुंडूराव रिक्षा घेऊन आले आणि फाटकापाशी थांबले. शालन खोलीची किल्ली घेऊन वॉर्डनच्या टेबलाशी गेली. मागून सिद्धी धावत आली.

“थांब, मी सांगते...”

“नको,” शालन म्हणाली. मग वॉर्डनकडे वळून, एकेक शब्द जपून ठेवावा तशी, “मॅडम, रूम नंबर नाइन. आय ॲम लीव्हिंग टुडे. धिस इज माय की.”

एकही चूक नव्हती. वॉर्डननं मान न उचलता किल्ली खिळ्याला अडकवली.

त्या सत्रात सिद्धी इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि शालन इंग्रजी बोलायला शिकली. दोन्हीची किंमत शालननं दिली.