चुंबकाची पट्टी

बाबांची कामाची खोली आठ फूट रुंद आणि अकरा फूट लांब होती. लुकांग या आमच्या गावातल्या गल्लीतली सगळी घरं तशीच आहेत, रस्त्याकडे तोंड अरुंद आणि आत लांबच लांब. त्या पुढच्या खोलीत माझे बाबा, शी वान-लाय, पन्नास वर्षं देवळांसाठी लाकूड कोरत बसले. एकशे तीस पटाश्या, सहा मोगऱ्या, करवती, रंधे, कानशी. पटाश्या बिस्किटांच्या डब्यांत पाती वर करून उभ्या असायच्या आणि ते डबे जमिनीवर, त्यांच्या बैठ्या स्टुलाभोवती अर्धगोल मांडलेले असायचे. रोगणाचे डबे पाणी तापवायच्या गॅसच्या बंबाखाली ठेवलेले. कापराच्या लाकडाचे तुकडे कपाटावर थेट छतापर्यंत रचलेले.

मी तिथं राहायला गेले ती आई गेल्यानंतर. त्याआधी बावीस वर्षं सायकलच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी गोदाम सांभाळत होते. चार हजार प्रकारचे नट-बोल्ट कुठं आहेत हे मला तोंडपाठ असायचं. कारखाना बंद पडला आणि माझ्या त्या शहाणपणाला काम उरलं नाही. ते मी बाबांच्या खोलीवर काढलं.

"भूकंप झाला तर ते लाकूड तुमच्या डोक्यात पडेल, बाबा."

"ते लाकूड तुझ्या जन्माच्या आधीपासून तिथं आहे. त्याला कळतं कुणाच्या डोक्यात पडायचं ते."

"आणि ही पाती? मी परवा चहा घेऊन आले तर पाय टेकायला जागा नव्हती."

"मग चहा दारातून दे."

पण महिनाभर मी पाठ सोडली नाही. शेवटी ते म्हणाले, "कर बाई काय करायचं ते. माझ्या स्टुलाला हात लावू नकोस, बास."

मी कामाला लागले आणि खरं सांगते, बरंचसं काम चांगलंच झालं. जड लाकूड खाली आणलं. कपाट भिंतीला पक्कं आवळलं. रोगण आणि टर्पेंटाइन झाकणाच्या लोखंडी पेटीत घालून बंबापासून लांब, मागच्या अंगणात नेलं. करवतींना दातांवर चढवायला जुन्या पाइपाच्या खोळी केल्या. बाबांचं टेबल खोलीच्या मध्ये होतं, ते भिंतीला सारलं, त्यामुळे मधून चालायला जागा झाली. राहिल्या पटाश्या. त्यातल्या रोज लागणाऱ्या चोवीस मला हाताशी हव्या होत्या आणि टेबलावर जागा अडवायला नको होत्या. म्हणून मी लियाओ मावशींच्या दुकानात चुंबकाची पट्टी आणायला गेले.

लियाओ मावशी देवळामागे खिळे, कड्या, कुलपं विकतात. गावात कुणाच्या घरात कुठला स्क्रू आहे हे त्यांना माहीत असतं. त्यांनी पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि त्यावरचा हात उचलला नाही.

"ही स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांची आहे, आ-युन. सुरी हलकी असते. तुझ्या बाबांच्या पटाशीला केवढा दांडा असतो! सगळं वजन खाली ओढणार."

"जोरदार आहे की चुंबक. ओढून बघा ना."

"मी ओढून काय होतंय? खाली लाकडाची एक फळी मार, भोकं पाडून. पट्टी नुसती धरायला, वजन फळीवर. ऐकतेस ना?"

"हो, मारते," मी म्हणाले.

मारली नाही. फळी लावली तर चोवीस पटाश्यांची जागा सोळालाच पुरत होती, आणि पट्टीवर नुसत्या लावल्या तर चोवीसच्या चोवीस मावत होत्या. भिंतीवर, बाबांच्या डोळ्यांच्या उंचीला, रुंदीनुसार लावलेल्या त्या पटाश्या अशा काही चमकायच्या की मी दारात उभी राहून नुसती बघत बसायचे.

बाबांनी पहिल्या दिवशी मान वर करून बघितलं. "लोखंड भिंतीला चिकटतंय. पाल आहे का ती?" पण तीन आठवड्यांत त्यांचा हात वर जायला शिकला. एकदा तर शेजारच्यांना म्हणाले, "आमच्या गोदामवालीनं केलंय." मला केवढं बरं वाटलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी मागे कालवं धूत होते. बाबा एका छोट्या देवळासाठी सिंहांची जोडी करत होते आणि मोगरीचे ठोके घरभर ऐकू येत होते. मग ठोके थांबले. आरडाओरडा नाही, काही नाही. थांबले तेवढंच. मी ओल्या हातानं पुढं गेले.

बाबा स्टुलावर बसून स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. पंजाच्या मागे, तर्जनीच्या मुळाशी, आडवी खोल चीर होती. रक्त सिंहाच्या आयाळीवर सांडत होतं. टेबलावर दोन बोटं रुंदीची पटाशी पडली होती.

"सुटली," ते म्हणाले. "सुटली बघ हातातून."

मी टॉवेल आवळला. आवळता आवळता मला सगळं दिसलं. उजव्या हातात त्यांनी मोगरी अजून धरलेली होती. ते ज्या पटाशीनं कोरत होते ती बारीक पटाशी सिंहाच्या मानेत रुतून उभी होती. आणि भिंतीवरच्या पट्टीवर, दोन बोटांची पटाशी असायची तिथं, जागा रिकामी होती. टेबल भिंतीला टेकलेलं. प्रत्येक ठोका टेबलातून भिंतीत जात होता, भिंतीतून पट्टीत. टेबल मीच सारलं होतं. पट्टी मीच लावली होती.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं, आजोबा?"

"वय झालं. हातातून हत्यार सुटलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. एवढंच, फक्त मान हलवली. तोंडातून एक शब्द खोटा काढला नाही, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते.

बोटाची शीर तुटली होती, ती जोडली. बाबा दोन रात्री तिथं राहिले. त्या दोन दिवसांत मी घरी येऊन पट्टी काढली, भोकांत पुट्टी भरली, वर रंगाचा हात फिरवला, पटाश्या पुन्हा बिस्किटांच्या डब्यांत घातल्या, डबे स्टुलाभोवती जसे होते तसे मांडले. टेबलही खोलीच्या मध्ये ओढलं. पट्टी टॉवेलात गुंडाळून माझ्या पलंगाखाली सरकवली. बाबा घरी आले तेव्हा खोलीकडे बघून त्यांचे डोळे भरून आले.

"मला सवयीचं आहे म्हणून पूर्वीसारखं करून ठेवलंस," ते म्हणाले. "एवढी मेहनत केली होतीस, आणि माझ्यापायी सगळी मोडलीस."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पेज गरम आहे, खाऊन घ्या."

जखम भरली. बोट पूर्ण मिटत नव्हतं, पण व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "कामाला लागा, कामानंच सुटेल." बाबा कामाला लागले नाहीत. सिंहांची जोडी दुसऱ्या कारागिराकडे गेली, उरलेला सिंह त्यानं पुरा केला. बाबा जेवताना वाटी दोन्ही हातांनी धरायला लागले. जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरायचे. दुखत होतं ते हाताचं बोट, पण पाय का घाबरले होते? मला माहीत होतं. त्यांना वाटत होतं आता शरीर न सांगता दगा देतं.

दुसऱ्या महिन्यात ते त्यांच्या गुरूंच्या अकरा पटाश्या फडक्यात बांधून सान-यी या कोरीवकामाच्या गावी घेऊन गेले आणि तिथल्या एका कारागिराला देऊन आले. मला न सांगता. आल्यावर म्हणाले, "ज्याच्या हातावर भरवसा आहे त्याच्याकडे असाव्यात." मी न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

लियाओ मावशी रस्त्यात भेटायच्या. "पट्टी धरते ना गं नीट?" त्यांनी एकदा विचारलं.

"धरते की."

"फळी मारलीस ना?"

"मारली."

आता तोंडातून शब्दही निघाला होता.

सातव्या महिन्यात बाबांनी उरलेली हत्यारंही द्यायचं ठरवलं. सान-यीचे लोक शनिवारी दुपारी गाडी घेऊन येणार होते. सकाळी बाबा वर्तमानपत्रं पसरून एकेक पटाशी गुंडाळायला बसले. मला म्हणाले, "ये, चिकटपट्टी लावायला बस."

मी बसले. ते प्रत्येक पटाशी हातात घेऊन थोडं काहीतरी बोलत होते. ही तुझ्या आईनं आणली, तिला ताईत कोरून दिला होता तेव्हा. ही ड्रॅगनच्या खवल्यांची. ही चुकीची बनली, पण पाकळ्यांना झकास चालते. दोन बोटांची पटाशी हातात आली तेव्हा थांबले.

"हिचा काही दोष नाही," ते म्हणाले आणि कागद ओढला.

मी उठले, आत गेले, पलंगाखालून टॉवेल काढला. पट्टी त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवली.

"बाबा, ती तुमच्या हातातून सुटली नव्हती. इथून पडली. तुमच्या एका हातात मोगरी होती. दुसरी पटाशी लाकडात उभी होती. मी आत आले तेव्हाच बघितलं."

ते पट्टीकडे बघत राहिले.

"लियाओ मावशींनी सांगितलं होतं खाली फळी मार म्हणून. मी मारली नाही. मग तुम्ही इस्पितळात होता तेव्हा काढून लपवली."

"किती महिने झाले?"

"सात."

"सात," ते म्हणाले. मला वाटलं ओरडतील. ते उठले, टेबल ढकलत ढकलत भिंतीला नेलं. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाले, "लांब राहा." स्क्रू शोधून पट्टी जुन्या जागी लावली; वाकडं बोट मध्ये येत होतं तरी लावली. दोन बोटांची पटाशी कागदातून काढून तिच्यावर चिकटवली. टेबलावर एक ओंडका ठेवला, मोगरी घेतली आणि ठोकायला लागले. पटाशी थरथरली. दांडा आधी जरासा कलला. मग सगळी घसरून खाली आली आणि टेबलात टोक रुतून उभी राहिली.

त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा ठोकलं. पुन्हा पडली. तीनदा केलं त्यांनी ते. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मोगरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले:

"सूप प्यायचं तर दोन हातांनी प्यायलो मी. या हाताला शिव्या घातल्या. रोज सकाळी उठून घातल्या."

"मला दिसत होतं, बाबा."

"दिसत होतं!" आता ते वळले. "पटाशी पडली त्याचं काय एवढं? माझ्या हातूनही पडल्यात, तुझ्या काकाच्या पायावर पडली होती. ते तू सांगितलं असतंस तर मी दोन दिवस बडबडलो असतो आणि तिसऱ्या दिवशी बसलो असतो. माझा हात चांगला आहे हे तुला ठाऊक होतं, आणि तू मला तो मेलेला समजू दिलास!"

बाहेर गाडी आली. बाबांनी दारात जाऊन त्या लोकांना सांगितलं, "माफ करा, तुमची खेप वाया गेली. मी अजून काम करणार आहे." त्यांना चहा दिला. गाडीतल्या माणसानं आपणहून विचारलं, त्या अकरा पटाश्या परत आणून देऊ का? बाबा म्हणाले, "दिलेलं परत घेत नाहीत."

त्यानंतर पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सहाव्या दिवशी कापराची एक जाड फळी माझ्यासमोर टाकली. "नोंदी करता येतात ना गोदामवालीला? लिही." त्यांनी एकेक पटाशी हातात घ्यायची, कुठं हवी ते बोलायचं आणि मी फळीवर पेन्सिलीनं खूण करायची असं दोन दिवस चाललं. भोकं त्यांनीच पाडली, पातं भोकातून खाली जाईल, दांडा वर अडेल आणि खाली लोंबणारं पातं एका आडव्या लाकडी पट्टीआड राहील अशी. फळी कमरेइतक्या उंचीवर विटांत लांब बोल्टांनी आवळली. टेबल भिंतीपासून एक वीत पुढं. डोक्यावर एकही हत्यार नाही. जागा सोळांचीच झाली, बाकीच्या पटाश्या टेबलाच्या खणात. मी सुचवलं की खणाचा तळ उतरता केला तर आणखी आठ मावतील. ते म्हणाले, "आधी कर आणि मला दाखव. मग ठरवू."

वसंतात त्यांनी एका कोळ्याच्या घरातल्या देव्हाऱ्याची छोटी कमान करायला घेतली. पूर्वी आठवड्यात झाली असती, तिला पाच आठवडे लागले. बारीक वळणं उजव्या हातानं नीट यायची, पण धरणारं डावं बोट मिटत नसल्यानं लाकूड मध्येच सरकायचं आणि ते चडफडायचे. मी शेजारी बसून लाकूड धरायचे. कधी कधी ते माझा हात बाजूला सारायचे, कधी राहू द्यायचे.

कमान बसवायला आम्ही दोघं गेलो. कोळ्याच्या बायकोनं शहाळं दिलं आणि विचारलं, "हाताला काय झालं, काका?"

"पटाशी पडली," बाबा म्हणाले.

"भिंतीवरून पडली," मी म्हणाले. "मी चुकीची लावली होती. आणि सात महिने सांगितलं नाही."

बाबांनी शहाळ्यातलं पाणी संपवलं आणि कमानीच्या डाव्या कोपऱ्यात एक पाचर हवी म्हणून माझ्यापुढं हात केला. मी पिशवीत शोधून दिली. मला माफ केलं का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.